बाजूवाल्यांचं मीठ

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक बरणी आहे. चिनी मातीची, खाली पांढरी आणि गळ्याशी तपकिरी, लोणच्याची असते तशी. तिच्या पोटावर एक गोल पिवळं स्टिकर आहे. आत निम्म्याहून थोडं कमी शेंदेलोण आहे. ते खायचं नाही आणि टाकायचंही नाही, असा हुकूम आहे. हुकूम देणारा माणूस आता नाही आणि हुकूम मोडायची माझी छाती होत नाही. पाहुण्यांनी विचारलं, तर बायको म्हणते, "ह्यांना विचारा, ह्यांनीच घातलेला घोळ आहे." तिचं खरं आहे. दाराशी एक कुत्रा झोपलेला असतो, तोही त्याच घोळातला.

म्हात्रेकाका आमचे घरमालक. कोपरखैरणे गावात, जुन्या घराच्या जागी त्यांनी तीन मजली इमारत बांधली. पहिल्या मजल्यावर एका दाराआड ते आणि समोरच्या दाराआड आम्ही, असे अठरा वर्षं राहिलो. वडील मिठागरात राबलेले. नवं शहर वसवायला गावाच्या जमिनी गेल्या तेव्हा काकांना महाप्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि दाबाचे काटे, म्हणजे प्रेशर गेज, तपासण्यात त्यांची हयात गेली. निरोपाच्या दिवशी लोक घड्याळ घेतात, नाहीतर गणपतीची मूर्ती. ह्यांनी स्टिकरांचे तीन रोल मागून घेतले. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट आणि पिवळं म्हणजे रीवर्क. रीवर्क म्हणजे माल वाईट नाही, पण आज सही होणार नाही. पुन्हा हात लावायचा, पुन्हा बघायचं.

मग काका सगळं जगच पास करायला बसले. भाजीवालीची वांगी, टीव्हीवर ओरडणारा बातमीवाला, नवा वॉचमन, कुणी सुटलं नाही. मी त्यांच्या मते रीवर्क होतो. "मास्तर, मानूस तुमी चांगलं," ते म्हणायचे, "पन तुमचा तोंड डोक्याच्या आधी चालतो." मी शाळेत भूगोल शिकवायचो. कुठली वस्तू कुठून येते हे कोणी विचारायच्या आधी सांगायची खोड मला तीस वर्षांच्या नोकरीत लागली, ती अजून गेलेली नाही.

रीवर्क हे कुत्र्याचंही नाव. पुढच्या नाल्याशी सापडला तेव्हा त्याचा डावा कान फाटलेला होता आणि मागचा एक पाय वाकडा. "कुनीतरी रिजेक्ट मारून टाकलेला," काका म्हणाले. "मी बगितला, मना वाटला रीवर्कमदी बसतो." कान फाडला होता नाल्यापलीकडच्या कुत्र्यांनी. नाल्यावर छोटा पूल आहे, अलीकडची कुत्री वेगळी, पलीकडची वेगळी, आणि पूल ओलांडला की रक्त निघालंच. रीवर्कनं त्यानंतर कधी पूल ओलांडला नाही. काका मात्र रोज संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन निघत. एका पिशवीतला भात अलीकडे, दुसरीतला पलीकडे. रीवर्क पुलाच्या तोंडाशी बसून पलीकडे डोळे वटारून बघत राही, काका परत येईपर्यंत.

मी एकदा म्हटलं, "काका, शत्रूला रसद पुरवताय?"

"तेंची भांडनं तेंच्यापाशी," ते म्हणाले. "मी दोनी पार्टीचा केटरर."

भातात बोंबलांची डोकी असायची, पण मीठ नसायचं. कुत्र्याला मीठ घातलं की केस झडतात, हे त्यांचं पक्कं मत. सोमवारी बोंबीलही नसायचे. सोमवार काकांच्या बायकोचा, गुलाबकाकूंचा होता.

काकूंचं सोमवारचं व्रत मोठं कडक. आगऱ्याच्या घरात दिवसभर म्हावरं, म्हणजे मासळी नाही हाच अर्धा उपवास, त्यावर त्या फक्त वरईची भगर खायच्या आणि तीही शेंदेलोण घालून. समुद्राचं मीठ उपवासाला चालत नाही असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. काका चिडवायचे, "माझ्या बापाचं पाय मिठागरात फुटलं, आनि सून दुकानातना इकतचा मीठ आनते!" काकू ढिम्म हलायच्या नाहीत. "तुमचा मीठ म्हावऱ्याला, माझा म्हादेवाला," म्हणायच्या.

मग काकू एकदा दवाखान्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी ती बरणी काठोकाठ भरून ठेवली होती. दिवस झाले, नातेवाईक पांगले, आणि पुढच्या सोमवारी समोरच्या घरातून भगरीचा वास आला. मी जाऊन बघतो तर काका ओट्याशी उभे. "चार्ज घेतलाय," एवढंच बोलले. महादेवाचं त्यांना कधीच फारसं पडलेलं नव्हतं. दर सोमवारी ते बरणीतून काकूंच्या लाकडी चमच्याच्या टोकावर येईल तेवढंच मीठ घ्यायचे. नवीन आणायचं नाही, दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. पाच वर्षं त्यांनी ते मीठ पुरवलं. त्या घरात काकूंच्या हातचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

मागे सीमेवर वातावरण तापलं, तेव्हाची गोष्ट. टीव्ही दिवसभर चालू असायचा. चीनला काका 'वरचा' म्हणायचे आणि पाकिस्तानला 'बाजूवाला'. आपण काहीतरी केलं पाहिजे हे त्यांच्या मनानं घेतलं. वय बाहत्तर, गुडघे गेलेले, सीमेवर कोण नेणार? मग त्यांनी ठरवलं, आपण मागची बाजू वाचायची. "पुडच्या बाजूला सगलेच गोड बोलतान, मास्तर. माल कुठला ते मागं लिवलेला असतो." घरातल्या बॅटरीवर, छत्रीवर, नखं कापायच्या यंत्रावर लाल स्टिकरं लागली. काकूंच्या फोटोसमोरचा छोटा विजेचा दिवाही गेला, तिथं समई आली. किराणा दुकानात तर कहर. प्रत्येक पुडा उलटा करून चष्म्याजवळ धरायचा, मागे पाच माणसं खोळंबलेली. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, घर ले जाके आराम से पढो, कल बता देना."

एके दिवशी त्यांनी दाराबाहेर पाटी लावली. मोठ्या अक्षरांत: 'बाजूवाल्यांचा कोणताही माल या घरात चालणार नाही.' नेमकी त्याच वेळी माझी बायको मंगल वाटीत शिरा घेऊन त्यांच्याकडे निघाली होती. पाटी वाचून ती उलट पावली घरात आली आणि वाटी ओट्यावर आदळली. "अठरा वर्षं झाली आपल्याला, आणि आता आपला माल चालत नाही! घरमालक आहेत म्हणून काय झालं?" बाजूवाले आम्हीच, दुसरं कोण? आम्ही दोन दिवस समोरच्या दाराकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला घणसोलीला पिटाळलं आणि मी खरोखर एक जागा बघून आलो. पाणी येत नव्हतं म्हणून वाचलो.

संध्याकाळी काकांनीच दार ठोठावलं. "काय मास्तर, तीन दिस वाटी नाय आली. मी जिता हाय का मेलो, कोन बगनार?" मी चाचरत पाटीचं सांगितलं. त्यांनी वळून पाटी पुन्हा वाचली. मग जिन्यातच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसून झाल्यावर खिशातलं पेन काढून पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'समोरचे सोडून'. मंगलनं त्या दिवशी दोन वाट्या दिल्या.

त्याच आठवड्यात दुपारी चार वाजता हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा सराव झाला. सगळ्यांना आधी कळवलेलं होतं, फक्त रीवर्कला कोणी कळवलं नव्हतं. मी समोर डोकावलो तर काका काकूंच्या पलंगाखाली हात घालून जमिनीवर पालथे पडलेले. गुडघे गेलेला माणूस! पलंगाखाली कुत्रा थरथरत होता आणि काका त्याला समजावत होते, "सराव हाय रं, खरा नाय. खरा असता तं मी तुना बोल्लो नसतो का?" भोंगा थांबला तरी ते बोलतच होते. मला पाहवलं नाही, मी तसाच मागे फिरलो. त्या घरात दिवसभरात बोलायला त्यांना दुसरं होतं कोण?

मुलगी ज्योती नावड्याला दिलेली. नावडं काही सीमेपलीकडे नाही, तासाभराची वाट. "बाबा, इथं येऊन राहा," ती दर खेपेला सांगायची. पण तिच्या घरी कुत्रं चालणार नव्हतं, म्हणून काकाही चालणार नव्हते. एकदा तिनं नवा मोबाइल आणला, नातीशी बघून बोलता येईल असा. काकांनी तो हातात घेतला, काचेवरून अंगठा फिरवला, मग उलटा केला. मागची बाजू वाचली. माल वरच्याचा निघाला. त्यांना तो फार हवा होता, मला समोरून दिसत होतं. तरी त्यांनी डबी बंद करून तिला परत दिली. पोर रडवेली होऊन गेली.

तेव्हापासून दर रविवारी ते आमच्याकडे यायचे आणि माझ्या फोनवर नातीला बघायचे. माझाही फोन वरच्याचाच होता. "तुमच्या फोनवर सही तुमची," म्हणायचे, "मी पावना." बोलणं संपून पडदा काळा झाला तरी फोन बराच वेळ त्यांच्या हातात असायचा. आम्ही मागायचो नाही.

आता माझ्या घोळाकडे येतो. एका सोमवारी सकाळी काका आमच्या दारात उभे राहिले. कडेवर लेकरू घ्यावं तशी बरणी घेतलेली, चेहरा उतरलेला, अंगठ्यावर लाल स्टिकर तयार.

"मास्तर, हिला काय बोलतान?"

"बरणी."

"कसली बरनी?"

"चिनी मातीची," मी म्हणालो आणि माझ्या लक्षात आलं.

"रातभर डोला नाय लागला," ते म्हणाले. "हिला लाल लावायचा म्हंजे आमच्या हिलाच बाहेर काडल्यासारका वाटतो. पन नियम तो नियम."

मला हसू आवरेना. मी त्यांना बसवलं आणि खुर्चीवर बसून तासभर शिकवावं तसं शिकवलं. ही माती फक्त नावाची चिनी. ती कला मूळची तिकडची म्हणून नाव पडलं. बरण्या आपल्याकडेच भाजतात, भट्ट्या इथल्या, कुंभार इथले.

"म्हंजे नाव तेंचा, माल आपला?"

"शंभर टक्के."

त्यांनी अंगठ्यावरचं लाल स्टिकर काढून चुरगळलं. काकू गेल्यानंतर इतका आनंदलेला चेहरा मी पाहिला नव्हता. "संध्याकाली भगर खायाला या," म्हणाले. "आमच्या हिच्या मिठाची."

गेलो. मंगलही आली. काकांनी चमच्याच्या टोकावर मीठ घेतलं, नेहमीपेक्षा कणभर जास्त. भगर उत्तम झाली होती. पाहुणचार होता, कौतुक करायचं आणि घरी यायचं, एवढंच माझं काम. पण सकाळच्या तासाची झिंग उतरली नव्हती.

"गंमत बघा काका," मी म्हणालो, "बरणीच्या बरोबर उलटं मिठाचं. शेंदेलोण म्हणजे सैंधव. सिंधूवरून पडलेला शब्द. नाव अगदी आपलं, पोथीपुराणातलं, पण बाजारात येतं त्याच्या खाणी बहुतेक..."

मंगलनं माझ्या मांडीला चिमटा काढला. उशीर झाला होता.

"खानी कुठं?" काकांनी विचारलं.

मी कुत्र्याकडे बघितलं.

"मास्तर, खानी कुठं?"

"बाजूला," मी म्हणालो.

त्यांच्या हातातला घास तसाच ताटात उतरला. "म्हंजे इतकी वर्सं," ते हळूच म्हणाले, "मी कोनाचा मीठ खाल्ला?" हा प्रश्न आपल्याकडे साधा नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, ते आपण लहानपणापासून ऐकतो. मिठागरवाल्याच्या मुलानं तर ते जास्तच ऐकलेलं.

रात्री मी पुस्तकं उपसली आणि सकाळीच त्यांच्याकडे धावलो. "काका, चूक झाली. हिमाचलातही खाण आहे. तिथलंच असेल हे."

"पाकिटावर काय होता?"

"पाकीट आता कुठून आणू? पाच वर्षं झाली."

"मग असंल-बिसंल नको," ते म्हणाले. मग त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. कारखान्यात एकदा गेजचा मोठा माल तयार झाला. दाब काढल्यावर काटा शून्यावर यायला हवा, तो केसभर अलीकडे थांबत होता. साहेब म्हणाला, कोणाला दिसणार नाही, सही कर. ह्यांनी केली नाही. त्यापायी वर्षभर गोदामात नट मोजत बसवलं. "काटा शून्यावर नाय आला तं पुडचा सगला रीडिंग खोटा, मास्तर. आता रिपोर्ट बदलायला नका सांगू."

"पण काकूंनी आणलं तेव्हा कुठं भांडण होतं?"

"भांडान तवा बी होता. आपला लक्ष नवता."

लाल स्टिकर लागलेल्या वस्तू एका पोत्यात जमा व्हायच्या आणि शुक्रवारी भंगारवाला पोतं उचलायचा. त्या शुक्रवारी मी शाळेतून लवकर आलो आणि दाराच्या फटीतून बघत बसलो. पोतं गेलं. आत बरणी होती की नाही ते कळेना. मंगल माझ्याशी बोलत नव्हती. "पाच वर्षं त्या माणसानं बायको पुरवून पुरवून खाल्ली, आणि तुम्ही एका वाक्यात काढून घेतलीत," ती एकदाच म्हणाली.

सोमवारी तिनंच माझ्या हाती शेंगदाण्याच्या आमटीची वाटी दिली आणि जा म्हणाली. दिवेलागणीची वेळ, काकांचं दार अर्धवट उघडं होतं. जमिनीवर दोन ताटल्या मांडलेल्या, एक स्टीलची, एक ॲल्युमिनियमची. दोन्हींत भगर. एकीशी काका, दुसरीशी रीवर्क. मध्ये बरणी, आणि तिच्यावर पिवळं स्टिकर.

मी वाटी खाली ठेवली. "रीवर्क?"

"आज सही नाय," ते म्हणाले. "टाकवत नाय, आनि खावत नाय."

"मग भगरीत?"

"अलनी. तेचा बी, माझा बी." त्यांनी एक घास घेतला आणि खरंच चव असल्यासारखा चावला. मग कुत्र्याकडे बघून म्हणाले, "बोलतान, कुत्रा मिठाला जागतो. ह्यानं तं माझ्या घरात मिठाचा कन नाय खाल्ला. मग ह्यो कुठल्या मिठाला जागतो, मास्तर? सांगा ना, तुमी शिकलेलं."

मी आमटीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. मंगलच्या आमटीत साधं समुद्राचं मीठ होतं, म्हणून त्यांनी तीही सोमवारी खाल्ली नाही, दुसऱ्या दिवशी खाल्ली.

पुढे टीव्हीवरचा आरडाओरडा निवला. लोक पुन्हा काहीही विकत घ्यायला लागले. पाटीचा कागद उन्हानं पिवळा पडला, पण काकांनी काढला नाही, आणि सोमवारच्या दोन ताटल्याही अळणीच राहिल्या. ते वाळत चालले होते. मी विचारलं की म्हणायचे, "मीठ कमी केलाय, डागदर खूश हाय."

एका बुधवारी सकाळी त्यांच्या छातीत जड वाटायला लागलं. ज्योती नावड्याहून धावत आली, रिक्षा दारात लागली. आम्ही दोघांनी धरून त्यांना खाली आणलं. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "मास्तर, बरनी," आणि मला वर पिटाळलं. मी आणली. त्यांनी ती मांडीवर घेतली, झाकण घट्ट आहे का तपासलं आणि परत माझ्याच हातात दिली.

"खाऊ नका. टाकू नका. मी आलो का फायनल करू."

मग रीवर्ककडे वळून म्हणाले, "बस." रीवर्क बसला.

रिक्षा निघाली. ती पानाच्या टपरीपर्यंत जाईतो तो बसून होता. मग उठला आणि वाकडा पाय ओढत धावत सुटला. मला काळजी नव्हती, पूल आला की तो थांबतो. रिक्षा पुलावरून पलीकडे गेली. रीवर्क पुलाच्या तोंडाशी थांबला. पलीकडची चार-पाच कुत्री उठून उभी राहिली होती. मी गेटवरून ओरडलो, "रीवर्क, मागं ये!"

तो पूल ओलांडून गेला.

रिक्षातून एक हात बाहेर आला आणि जोरजोरात हलायला लागला, मागं जा, मागं जा. काका मला दिसले ते एवढेच, कोपरापासून पुढचे. रिक्षा वळली. तिच्यामागे फाटक्या कानाचा तो एकटा, आणि त्याच्यामागे पलीकडची सगळी कुत्री धावत होती. ती त्याला फाडायला धावत होती, की रोज संध्याकाळी त्याच हातचा अळणी भात खाल्ला होता म्हणून, ते मला गेटवरून कळलं नाही. मी बरणी दोन्ही हातांनी धरून उभा होतो.